अडीच फुटांचं पाऊल

आमच्या नानांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. अडीच म्हणजे अडीच, त्यात एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. चिखलातून, काजूच्या पाल्यातून, सड्यावरच्या तापलेल्या कातळावरून नाना चालायला लागले की पाऊल पडायचं ते अडीच फुटांवरच. गावात कुणाला विहिरीपासून गोठ्यापर्यंत पाण्याचा पाइप आणायचा असला, लग्नाच्या मांडवाला ताडपत्री आणायची असली, की तो टेप शोधत बसत नसे. "नानांका जरा चलूक सांग," एवढंच म्हणे. नाना पायांतल्या वहाणा काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, तिथून आकडा सांगत आणि वहाणा घ्यायला परत येत. आणलेली ताडपत्री कधी कमी पडली नाही आणि कधी उरलीही नाही.

नाना मोजणी खात्यात साखळीवाले होते. जमिनीची सरकारी मोजणी व्हायची तेव्हा नकाशा बघणारा साहेब वेगळा असे आणि लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून पुढे घुसणारा माणूस वेगळा. नाना ते टोक धरणारे. पुढे साखळी गेली, टेप आला, आता तर काठीवर यंत्र बसवून उपग्रहाला विचारतात. पण जवळच्या कट्टा गावच्या बाजारात त्यांना शेवटपर्यंत साखळीवाले नाना हेच नाव राहिलं. आमची वाडी कट्ट्यापासून चालत अर्ध्या तासावर. वाडीत आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, आणि नानांचं खळं एकमेकांना लागून, मध्ये फक्त चिऱ्यांचा एक बुटका गडगा. नात्याने ते आमचे कुणी नव्हते. माझे वडील शाळामास्तर होते, मी अकरावीत असताना ते गेले. त्यानंतर माझ्या कॉलेजच्या फॉर्मपासून पावसाआधी आमची कौलं चाळून घेण्यापर्यंत सगळं नानांनी पाहिलं, आणि ते पाहतायत असं आम्हाला कधी जाणवू दिलं नाही.

मोजणी सुरू करण्यापूर्वी नाना देवाला गाऱ्हाणं घालत. ते काही त्यांच्या नोकरीत लिहिलेलं नव्हतं, आणि साहेबलोक आधी वैतागत. पण नाना खाली साखळी ठेवून, पूर्वेकडे तोंड करून, हात जोडून उभे राहिले की त्यांना कोणी अडवत नसे. "बा देवा म्हाराजा, आज हय मोजणी होतासा. ज्येचा त्येका गावांदे. कोणाचा तसूभर हय नको, तसूभर थंय नको. साखळी धरतल्याच्या हाताक आणि बघतल्याच्या डोळ्याक खरेपण दी रे म्हाराजा!" यावर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. आता मोजणी मागवणारे म्हणजे भांडलेलेच असणार. एकाच आज्याचे नातू, पण वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे. तरी देवाच्या नावाने हाक आली की दोघांनाही एका सुरात ओ द्यावीच लागे. नाना म्हणत, "अर्धी मोजणी थंयच होता. एकदा मिळान 'व्हय म्हाराजा' म्हटल्यार मगे कोयतो काढूक माणसाक लाज वाटता."

मला नानांनी चालायला शिकवलं. म्हणजे पाळण्यातून उतरल्यावरचं नव्हे, ते आईने शिकवलं. नानांनी मोजून चालायला शिकवलं. दर मे महिन्यात काजूच्या बिया गोळा करून झाल्या की ते मला सड्यावर नेत, कातळावर चुन्याने दोन रेघा मारत आणि म्हणत, "चल बघूया. धावा नको, नाचा नको, घराक जातंस तशी चल." मग माझी पावलं मोजून त्या वर्षीचा माझ्या पावलाचा आकडा मला सांगत. इतर मुलींची आई दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करायची, माझ्या खुणा कातळावर होत्या. कॉलेजात गेले तेव्हा माझं पाऊल दोन फुटांवर येऊन थांबलं. "बरा झाला," नाना म्हणाले, "सरळ हिशेब. तुझी पाच ती माझी चार. डोळो फसता गो, पाय फसणा नाय." मला त्या वयात हे शिक्षण अगदी निरुपयोगी वाटलं होतं. माझा स्वभाव मुळात तिरसट. मैत्रिणी स्कूटर शिकत होत्या आणि मी चालायला.

नानांच्या खरेपणाची गोष्ट अजून सांगतात ती त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. कचेरीत आमच्या वाडीचा नकाशा काही कामासाठी बाहेर काढला होता, त्यात नानांनी सहज आपला सर्व्हे नंबर पाहिला आणि त्यांच्या मनात कुसळ शिरलं. घरी आले, चहासुद्धा न घेता पाठीमागच्या अंगाला गेले आणि चालू लागले. दोनदा चालले. मग कचेरीतला टेप मागून आणून पुन्हा मोजलं. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं स्वयंपाकघर पाच पावलांचं होतं, त्यातली अडीच पावलं शेजाऱ्याच्या जमिनीत होती.

शेजारी म्हणजे नुसतं नाव. तो माणूस मुंबईला, त्याचं इथलं घर कधीच कोसळलेलं, चौथऱ्यावर घाणेरीचं रान. त्याने विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. काकी, म्हणजे नानांची बायको, चुलीपुढून उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळ्या तालुक्याची जमीन मोजलात, आता माझी चूल मोजूक इलात? तो थंय मुंबयक. हय फिरकाक नाय कधी. त्येका काय सपान पडतला?"

"त्येका पडाचा नाय," नाना म्हणाले. "माका पडतला."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वयंपाकघराची भिंत स्वतःच्या हाताने उतरवली. चिरा न् चिरा सुटा करून अडीच पावलं अलीकडे आणून पुन्हा उभा केला. कौलं उतरवायला मी होते. नाना शिडीवरून एकेक कौल देत आणि मी ते पडवीत रचत होते. शेजारीपाजारी उभे राहून बघत होते, कुणी हसत होतं, कुणी "नानांका उन लागला" म्हणत होतं. काकी आठ दिवस नानांशी बोलली नाही. जेवण वाढायची, पण ताट जरा आवाज करून ठेवायची. नंतर बोलायला लागली, पण त्या अडीच पावलांच्या खोलीत चूल, मांडण, पाण्याची कळशी आणि काकी एवढं बसवताना तिला कोपऱ्यात अंग चोरूनच उभं राहावं लागे. तिने भाकरी थापली की तिचं कोपर भिंतीला लागायचं. कोपराच्या उंचीवर त्या भिंतीचा चुना कायमचा झिजलेला होता.

मी पुण्याला आले नोकरीसाठी. एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम. वर्षभरात आईलाही घेऊन आले. पुणे तेव्हा चारी बाजूंनी फुगत होतं, आणि आम्ही त्या फुगणाऱ्या शहराच्या कडेकडेने सरकत होतो. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाला अचानक मुलगा परदेशातून परत येणार असल्याचं आठवायचं. सहा वर्षांत पाच घरं झाली. प्रत्येक घरात आईने तुळस लावली आणि प्रत्येक घरातून ती कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसली. पाचव्या घरी घरमालकीणबाईंनी गॅलरीत कुंडी ठेवायला बंदी केली तेव्हा मात्र आई पहिल्यांदा रडली. त्या दिवशी मी ठरवलं की आता आपलं घर घ्यायचं. आमच्या घराण्यात शहरात घर घेणारं तोवर कुणी नव्हतं. कुठून सुरुवात करतात हेही मला माहीत नव्हतं.

शहराच्या पार टोकाला, जिथे परवापर्यंत ज्वारी होती अशा ठिकाणी, एक मोठी इमारत उभी राहत होती. तिथलं दाखवायला सजवलेलं घर, ज्याला सगळे सॅम्पल फ्लॅट म्हणतात, ते मी पाहिलं आणि तिथल्या तिथे वेडी झाले. पांढरे पडदे, कोपऱ्यात दिवा, खिडकीत बसायला गादी. विकायला बसलेली मुलगी हसरी होती, तिने मला पाणी दिलं, आईला खुर्ची दिली. चौथ्या मजल्यावरचं घर ती माझ्यासाठी पंधरा दिवस राखून ठेवणार होती. भाड्याच्या घराचा करार संपायला दोन महिने उरले होते. मी सही करायलाच निघाले होते, पण आईने मान हलवली. "नानांनी बघितल्याबिगर मी तुका सही करूक देवचंय नाय," ती म्हणाली, आणि माझी आई एकदा असं म्हणाली की मग देवही काही करू शकत नाही.

नाना सकाळच्या गाडीने उतरले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, एका हातात उकड्या तांदळाची पिशवी आणि दुसऱ्या हातात चामड्याच्या गोल डबीतला जुना कापडी टेप. निवृत्त होताना कचेरीने त्यांना शाल दिली होती. टेप त्यांनी स्वतः मागून घेतला होता. घरी चहा होताच म्हणाले, "चल, दाखय तुझी भुंय."

इमारतीच्या आवारात शिरले आणि नाना दिसेनासे झाले. मी आणि ती हसरी मुलगी शोधत मागे गेलो तर नाना कुंपणाच्या कडेने वाकून गवतात काहीतरी शोधत होते आणि रखवालदार त्यांच्यामागे शिट्टी वाजवत होता. ते हद्दीचा दगड शोधत होते. जागा बघायची म्हणजे आधी हद्द बघायची, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना समजावलं की इथे आपली वेगळी जमीन नसते, चौथा मजला तेवढा आपला. नाना बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांना ते पटलं असावं. "म्हणजे खालच्याचो माळो ती आपली भुंय," ते म्हणाले, "आणि आपलो माळो ती वयल्याची. सगळे एकमेकाच्या खांद्यार बसले आसत. मगे हय भांडान करून चलाचा नाय गो."

सॅम्पल फ्लॅटमध्ये त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत जाऊन सरळ त्या मोठ्या पलंगावर आडवे झाले. मुलगी "काका, काका" म्हणत पुढे धावली. नाना शांतपणे छताकडे बघत पडले होते आणि त्यांच्या पोटऱ्यांपासून खालचे पाय पलंगाबाहेर लोंबत होते. नाना काही ताडमाड नव्हते, आपले चारचौघांसारखे होते.

नानांची एक गंमत होती. कचेरीत किंवा परक्या माणसापुढे ते मालवणी गुंडाळून ठेवत आणि अगदी छापील मराठी बोलत. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "बाई, हा पलंग लहान मुलांचा आहे का?"

"नाही काका, ही मोठी बेडरूम आहे. नवरा-बायकोची."

"मग त्यांनी पाय कुठे ठेवायचे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पलंग आखूड होता, कपाट उथळ होतं, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बालवाडीतल्यापेक्षा जरा मोठ्या एवढ्याच होत्या. खोली मोठी दिसावी म्हणून सगळं सामान मुद्दाम लहान करून घेतलेलं. मी चारदा ते घर पाहिलं होतं आणि चारही वेळा पडदे बघत होते.

मग आम्ही चौथ्या मजल्यावर खऱ्या घरात गेलो. भिंतींना नुसतं प्लास्टर, खाली फरशा नुकत्या बसवलेल्या. नाना मधोमध उभे राहिले, पूर्व कुठे ते खिडकीतून पाहिलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखात आमच्या चेडवाचा घर बघूक इलंव..." आवाज मोकळ्या खोल्यांत घुमत होता. ती मुलगी आणि तिच्यासोबतचा एक टाय लावलेला माणूस एकमेकांकडे बघत होते. गाऱ्हाणं संपलं. आता मी "व्हय म्हाराजा" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं. आई स्वयंपाकघरात होती. नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." हे लिहितानाही मला माझी शरम वाटते.

ते चालू लागले. हॉल बरोबर होता. झोपायच्या खोल्या जेमतेम. स्वयंपाकघरात ते भिंतीला टाच लावून उभे राहिले आणि निघाले. एक, दोन, तीन, आणि चौथं पाऊल अर्ध्यावर भिंतीला थटलं. कागदावर दहा फूट होतं, म्हणजे चार पावलं. नानांनी डबीतून टेप काढला, एक टोक आईच्या हातात दिलं, मोजलं आणि टेप गुंडाळून परत डबीत ठेवला.

"काका, प्लास्टर-फरशीत थोडंफार जातंच," टायवाला म्हणाला. "सगळीकडे असंच असतं."

नाना त्याच्यावर रागावले नाहीत. आयुष्यभर त्यांचा नियम होता की हद्द दाखवताना आवाज चढवायचा नाही. ते हात मागे बांधून म्हणाले, "साहेब, आपल्या कागदावर दहा फूट आहे. माझ्या पायाखाली आठ फूट नऊ इंच आहे. उरलेला सव्वा फूट कुठे आहे तेवढा दाखवा, म्हणजे आम्ही तिथे जाऊन उभे राहतो."

तो माणूस हातातला कागद उलटसुलट करून बघू लागला. पण माझा पारा चढला, आणि तो त्याच्यावर नव्हे, नानांवर. जिन्यात मी त्यांना गाठलं. "नानानू, सव्वा फुटाचा काय घेवन बसलात? दोन म्हयन्यांनी आमका घर खाली करूचा आसा. आवशीक घेवन मी खंय जाव? हय सगळीकडे असाच चलता."

नाना कठड्याला धरून दोन पायऱ्या खाली थांबले. "मी घेव नको म्हणाक नाय गो," ते म्हणाले. "घर चांगला आसा, वारो येता. व्हया तर घे. पण आठ फूट नव इंच म्हणान घे. धा फूट म्हणान घेव नको. रोज थंय रांदूचा आसा तुका."

बस्स, एवढंच. संध्याकाळी आईच्या हातचं कुळथाचं पिठलं जेवले, दुसऱ्या दिवशी पर्वती बघायला गेले, तिथल्या पायऱ्या मोजल्या आणि गावी परतले. निर्णय सर्वस्वी माझ्यावर सोडून गेले, आणि माझ्यासारख्या तिरसट बाईला तेच जास्त लागलं. घर राखून ठेवलेल्या पंधरा दिवसांतले उरलेले सगळे दिवस मी स्वतःशी भांडत होते. मोठ्या शहरात सव्वा फूट ते काय? पण डोळे मिटले की मला नानांच्या घरातली ती भिंत दिसायची, कोपराशी चुना झिजलेली. एका माणसाने कुणी न मागता अडीच पावलं परत केली होती, आणि मी मला फसवलेला सव्वा फूट हसत हसत देऊन टाकायला निघाले होते. पंधराव्या दिवशी मी फोन करून सांगितलं की घर नको.

मग सहावं भाड्याचं घर आलं. ते पहिल्या पाचांपेक्षा वाईट होतं, हे कबूल करते. नळाला एक दिवसाआड पाणी आणि वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास. आईने तुळस न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली. रविवारी रविवारी मी घरं बघत हिंडले, आणि आता मी पडदे बघत नव्हते. वहाणा काढायचे, भिंतीला टाच लावायचे आणि चालायचे. दलाल मला "चालणाऱ्या मॅडम" म्हणायला लागले. एकाने तर विचारलं की मॅडमचा काही नवस आहे का.

वर्ष उलटून गेलं आणि मला ते घर सापडलं. नवं नव्हतं. बारा-तेरा वर्षं वापरलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं, समोर एक कडुनिंब. मालक निवृत्त जोडपं होतं, मुलीकडे राहायला चाललेलं. नानांना यायला जमणार नव्हतं, त्यांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. अडीच फुटांचं ते पाऊल आता खळ्यापुरतं उरलं होतं. सगळे कागद झाले, किल्ल्या हातात आल्या. त्या सकाळी मी आणि आई रिकाम्या घरात गेलो आणि मी नानांना फोन लावला. फोन मोठ्याने ऐकू येईल असा करून खिडकीत ठेवला.

"घाल गाऱ्हाना," नाना तिकडून म्हणाले.

मी कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. आमच्याकडे ते पुरुषांचं काम. पण घराला पुरुष नव्हता आणि नाना घाल म्हणत होते. मी पूर्वेकडे तोंड केलं. "बा देवा म्हाराजा, कट्ट्याच्या वाडीतली आमी माणसा हय नवीन घर घेतलंव. ज्येंनी हय पयली पाच घरा बघितल्यानी, सहावा बघितल्यानी, त्या माझ्या आवशीक हय सुखाचा ठाव..." इथे मला पुढचं काही सुचेना.

"व्हय म्हाराजा!" कट्ट्याकडून एवढ्या जोरात आलं की खिडकीतला फोन थरथरला. नानांचा थकलेला आवाज त्या दोन शब्दांपुरता सड्यावरच्या दिवसांसारखा झाला होता. खालून जाणाऱ्या कुणी वर पाहिलं असेल तर पाहो बापडा.

मग नाना म्हणाले, "रांदपाची खोली किती?"

मी आत गेले, टाच भिंतीला लावली आणि घराक जातंय तशी चालले. "माझी पाच, नानानू."

"म्हणजे माझी चार." मग ते मागे वळून ओरडले, "आयकलंस काय गो? चार पावला!"

लांबून काकीचा आवाज आला, "आणि कागदार किती आसा?"

"कागदारपण चारच," मी सांगितलं. तिकडे दोघंही हसत होती. साखळीवाल्याची बायको ती, कागद विचारल्याशिवाय राहील कशी!

नाना पुढच्याच वर्षी, भातकापणी उरकल्यावर गेले. दुपारी खळ्यात खुर्ची टाकून बसले होते, बसल्या जागीच गेले. मी पोचले तेव्हा वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तालुक्याच्या कुठल्या कुठल्या गावांतून माणसं आली होती. त्यातले कित्येक एकमेकांविरुद्ध दावे लढलेले, आणि त्या दिवशी एकाच गडग्यावर शेजारी शेजारी बसलेले. इतक्या माणसांच्या जमिनी मोजलेला माणूस आणि कुणाची एक शिवी त्याच्या नावावर नाही. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. हे आमचे नाना, असं त्या सगळ्यांना एकेकाला धरून सांगावंसं वाटत होतं. जसं काही त्यांना ते माहीतच नव्हतं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी काकीला आठ दिवस पुण्याला आणलं. आल्या आल्या तिने आईला बाजूला सारून स्वयंपाकाचा ताबा घेतला. पण मी बघत होते, एवढी ऐसपैस खोली असून ती उभी राहायची ते ओट्याच्या टोकाला, भिंतीला चिकटून, कोपरं अंगाशी धरून. भाकरी थापताना तिचं कोपर माझ्या भिंतीला लागत होतं. तिसऱ्या दिवशी न राहवून मी म्हटलं, "काकी, सरकून उभी रव की. जागा आसा."

"सवय गो," ती म्हणाली. मग पीठ मळता मळता आपणहून बोलायला लागली. "त्येंनी भिंत मागे घेतल्यानी तेव्हा बायका माका हसल्यानी. माका लय राग इलो होतो. पण मगे मी खंयच्याय गावाक जावंदे, हळदीकुंकवाक, नायतर मयताक, लोक आदी माका पाट मांडीत. साखळीवाल्याची बायल इली, तिका बसाक दिया. राणयेक तरी असो मान गावता काय?" तिने गोळा तव्याशेजारी ठेवला. "अडीच पावला गेली माझी. पण तालुकोभर पाट गावले."

आठव्या दिवशी दुपारच्या गाडीने ती परत जाणार होती. सकाळी मी उठून आत गेले तर घावण्यांचा वास सुटला होता. काकी ओट्याच्या बरोबर मधोमध उभी होती. पाय जरा फाकवून, कोपरं मोकळी सोडून, बिड्याच्या तव्यावर पीठ लांबून ओतत होती. मी दारातच थांबले. तिने मागे न बघताच ओळखलं.

"त्येंनी जावच्या आदी एकदा माका सांगल्यानी होता," ती म्हणाली. "बायच्या रांदपाच्या खोलयेत एकदा जावन ये. कोपऱ्यात उभी रव नको. मधी रव, थंयची सगळी भुंय खरी आसा."

शेजारच्या घराची खिडकी उघडी होती, जिन्यात कुणीतरी बोलत होतं. मी हात जोडले आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."